कोण असाल ते या

भूत, देवचार, बाहेरचं... असलं काही कोणी सांगू लागलं की मी आधी विचारते, ताप किती आहे? अशी मी बाई. फिट आलेल्या पोराच्या मुठीत लोखंडाची किल्ली देणाऱ्या, नाकाला कांदा लावणाऱ्या आयांना झापण्यात माझी हयात गेली. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहिते.

लॉकडाऊनचे दिवस. मी डिचोलीला विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, पण तेव्हा केरीला घरीच अडकले होते. फिट येणाऱ्या मुलांच्या घरी रोज फोन करायचा, हे आमचं काम. गोळ्या आहेत का, चुकवल्या नाहीत ना, फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका — तीच टकळी.

पाळीची तन्वी त्यातलीच एक. आठ वर्षांची, तोंडाळ, माझी लाडकी. बाप खाणीवर टिपर चालवायचा, खाणी बंद पडल्यावर वास्कोला बंदरात लागला आणि तिथेच अडकला. आई वैशाली मूळची सावंतवाडीकडची. नेमकी तीच पॉझिटिव्ह निघाली. ती आतल्या खोलीत दार लावून, पोर बाहेरच्या खोलीत एकटी. शेजारी कुंपणाच्या दगडी गडग्यावर जेवण ठेवून जायचे, त्यापुढे पाऊल नाही. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? शेवटी आम्ही ठरवलं, मोबाइल कपाटाला टेकवून व्हिडिओ कॉल चालूच ठेवायचा. ती चित्रं काढायची, मी इकडे स्वयंपाक करता करता तिच्यावर लक्ष ठेवायचे.

एका भर दुपारी तिच्या हातातला खडू गळला. मान वळली आणि ती पालथी पडली — तोंड थेट उशीत! अंग ताठ, मग झटके. मी "वैशाली! वैशाली!" ओरडत राहिले. ती तापाच्या ग्लानीत. पोर डोळ्यांदेखत गुदमरत होती आणि मी केरीला हातात डाव घेऊन उभी! माझं डोकंच चालेना. मी किंचाळले, "अरे, कोणी आहे का तिथे? कोण असाल ते या, पोरीला धरा!"

आणि कोणीतरी आलं.

स्क्रीनच्या कडेने एक हात पुढे आला. बाईचा. बांगड्या नाहीत, कोपरापर्यंत तांबडी माती. त्या हाताने तन्वीला अलगद कुशीवर वळवलं, उशी बाजूला सारली... अगदी मी शिकवते तसं. शेजारीण असेल समजून मी "देव बरें करूं, बाय" म्हणत आभारसुद्धा मानले. झटके थांबले, श्वास सुरळीत झाला. हात मात्र तिच्या केसांतून फिरत राहिला... फिरतच राहिला. मी म्हटलं, "आता दूर व्हा हं, घरात पेशंट आहे." हात थांबला. मग त्याने तन्वीचं मनगट घट्ट धरलं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. वैशाली भिंतीला धरून उभी. ती लेकीकडे धावली नाही. लेकीच्या शेजारी बघत तिने हात जोडले.

"उपकार झाले तुझे. आता सोड तेका. चेडू माझा आसा."

कॉल कट झाला. परत लागला तेव्हा तन्वी आईच्या मांडीवर होती, मनगटाला माती. मी वैशालीला विचारलं, "कोण आलं होतं गं?"

"कोण येतला, बाई? भायला दार आतसून बंद आसा."

नेटवर्क, घबराट, काय काय म्हणून मी मनाची समजूत घातली. सगळं सुरळीत झाल्यावर पाळीला गेले. वैशालीने चहा-पाव पुढे ठेवला आणि हळूच म्हणाली, "रागावू नकात, बाई. आमी गाऱ्हाणा घालताना नाव घेवन हाक मारतो. देवाक, राखणदाराक. 'कोण असाल ते या' असा कोण म्हणणा नाय. मगे कोणय येता."

"पण पोर वाचली ना?"

"वाचली. तां खराच."

"मग ती... गेली ना आता?"

"बोलवलात तुमी, बाई. 'जा' म्हणानय तुमकाच सांगूक व्हया. माझा ती आयकणा नाय."

त्या खोलीत मी उभी राहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तन्वीच्या फिट्स अजून पूर्ण थांबलेल्या नाहीत. उद्या ती पुन्हा पालथी पडली आणि घरात कोणी नसलं, तर तिला वळवणार कोण?

मी चहा संपवून निघून आले. 'जा' अजून म्हटलेलं नाही.