पहिली पाच मिनिटं थंड

माझी बायको दर्यापूरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आम्ही राहतो अमरावतीत. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की साडेपाचला गाडी काढायची, तिला शाळेत सोडायचं, ती शिकवेपर्यंत आवारातल्या कडुलिंबाखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन माझं काम करायचं आणि बाराच्या सुमाराला तिला घेऊन परत निघायचं. माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका. दुपारी उघडलं तरी कोणाचं अडत नाही.

आधीची वीस वर्षं ती एसटीनं नाहीतर काळीपिवळी जीपनं एकटीच जायची, बसायला जागा नसली तर उभ्यानं. मग मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. नसांवरचं आवरण झिजत जातं, असा हा आजार. निदान व्हायलाच दोन वर्षं गेली होती. गरम पाण्यानं आंघोळ केली की डोळ्यांपुढं धूसर होतं, असं ती डॉक्टरांना सांगायची आणि डॉक्टर रक्तवाढीच्या गोळ्या लिहून द्यायचे. शेवटी नागपूरला एकानं तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, तेव्हा कुठे कळलं. त्यांनी एक गोष्ट बजावली होती. उष्णतेपासून जपा. अंग तापलं की चालते पायही चालेनासे होतात. थंडाव्यात तास-दीड तास पडलं की पुन्हा चालतात.

त्यावर ती म्हणाली होती, "मंग मले शिमल्याले बदली मागा लागते."

म्हणून आम्ही जुनी का होईना, पण एसीची गाडी घेतली. गाडी होती म्हणून तिची नोकरी चालू होती, इतकं ते सरळ होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चच्या शेवटाची गोष्ट. शाळेतून परत येत होतो. त्या वर्षी पहिल्यांदाच एसी लावायची वेळ आली होती. दर्यापूर सोडलं आणि खोलापूरच्या अलीकडे तिनं समोरच्या जाळीपुढं तळवा धरला.

"अहो, हे गरम येऊन राहिलं."

"ऊन किती आहे बाहेर," मी म्हणालो. "थांब थोडी, होईल थंड."

झालं नाही. काचा उघडाव्यात तर बाहेरचा वारा भट्टीसारखा. वलगावपर्यंत तिनं ओढणी बाटलीतल्या पाण्यानं भिजवून मानेभोवती गुंडाळली होती. घरी पोचलो तेव्हा तिचा उजवा पाय गाडीतून खाली येईना. दोन्ही हातांनी मांडी धरून तिनं तो बाहेर ठेवला, आणि मग मी तिला काखेत हात घालून आत नेलं. कूलरपुढं दोन तास पडून राहिल्यावर पाय परत आला.

दुसऱ्याच दिवशी, शाळेला सुट्टी होती, मी गाडी जवळच्या गॅरेजमध्ये सकाळी टाकली. गॅस कमी झाला असेल, असं मिस्त्री म्हणाला. त्यानं गॅस भरला. संध्याकाळी मी गेलो तेव्हा चावी फिरवून त्यानं पंखा लावला आणि थंडगार हवा आली. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच तिला फोन केला. घरी येईपर्यंत हवा कोमट झाली होती. मी तिला सांगितलं नाही. सकाळी शाळेला जाताना तिलाच कळलं.

त्या दिवसापासून तिनं एक काम सुरू केलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर ती पिशवीत आणू लागली. जाळीच्या पट्टीत तो अडकवायचा आणि मांडीवरच्या वहीत लिहायचं. गाडी किती वाजता सुरू केली, आकडा काय, इंजिनचा काटा कुठं. मुलांना प्रयोग लिहायला लावायची तसंच. चार दिवसांनी तिनं वही मिटली.

"ऐका," ती म्हणाली. "पहिली पाच मिनिटं हवा थंड येते. इंजिनचा काटा वर चढला की गरम व्हाले सुरुवात होते. रोज, न चुकता. एसी त थंड करूनच राहिला. ही गर्मी इंजिनकडून येऊन राहिली. आणि हे बटन गरमावरून थंडावर फिरवलं तरी काहीच फरक पडत नाही. याच्यातच कायतरी हाय."

"बरं, सांगतो त्याला," मी म्हणालो.

दुसरं गॅरेज मोठं होतं, बडनेरा रोडला. तिथल्या मालकाला मी ते सांगितलं खरं, पण कसं सांगितलं ते मला आठवतं. जरा हसत, 'आमच्या घरी असं म्हणतात' अशा सुरात. तो म्हणाला, "वहिनीले म्हणा, गाडी आमच्याकडं सोपवा आता, तुमी पोरायच्या वह्या तपासा." तिथले दोघे-तिघे हसले. मीही हसलो.

त्यानं इंजिनपुढची एसीची जाळी धुतली, तिच्यामागचा पंखा बदलला. दोन दिवसांनी हवा तशीच गरम, तेव्हा म्हणाला, कॉम्प्रेसर गेला. तो यायला आठवडा लागला. आठवडाभर गाडी आत अडकली आणि मी कोणाची तरी मागून आणलेली, एसी नसलेली व्हॅन चालवत तिला नेत-आणत होतो. मी म्हटलं, रजा टाक. तिच्या रजा आजारात केव्हाच संपत आल्या होत्या, आणि सातवीचा शेवटचा धडा राहिला होता. बर्फाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून ती मांडीवर आणि मानेखाली घ्यायची. खोलापूर येईपर्यंत त्यांचं पाणी व्हायचं.

त्याच आठवड्यात चौदा एप्रिलची जयंती होती. दरवर्षी पांढरी साडी नेसून ती सकाळी विहारात सगळ्यांच्या आधी असायची. त्या वर्षी नेसून तयार झाली आणि पलंगावर बसून राहिली. म्हणाली, "तुमी जाऊन या. माह्यानं उभं राहनं होनार नाही." मी गेलो. लोक विचारत होते, वहिनी दिसल्या नाहीत. बरं नाही, एवढंच मी सांगत होतो.

नवा कॉम्प्रेसर बसला. गॅरेजवाल्यानं गाडी सुरू करून दाखवली, हवा थंड. सकाळपासून उभी गाडी, गार इंजिन. मी तिथंच थांबून पाच मिनिटं मोजायला हवी होती. तिची वही घरातच होती. मी चावी घेतली आणि निघालो. राजापेठेपर्यंत हवा पुन्हा गरम.

त्यानंतरच्या मंगळवारी ती वर्गात पडली. मी कडुलिंबाखाली होतो, मुलांचा आवाज एकदम थांबला तसं मला कळलं. आत गेलो तर फळ्याखाली बसलेली. हातात खडू तसाच. पाय पुढं पसरलेले, जणू दुसऱ्या कोणाचे आहेत असे. पहिल्या बाकावरच्या दोन मुली वहीनं तिला वारा घालत होत्या. ती त्यांना सांगत होती, "काही नाही झालं, बसा जागेवर." मुख्याध्यापक आले. त्यांनी आणि मी मिळून तिला खुर्चीवर बसवलं. ते चांगले गृहस्थ होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मॅडमले आता जबरदस्ती नका करू." जबरदस्ती कोण करत होतं, हे मी त्यांना कसं सांगणार?

त्या शाळेतले एक शिक्षक अकोटचे होते. त्यांनी अकोल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं ठिकाण सांगितलं, फक्त गाड्यांचे एसी करणाऱ्या. रविवारी सकाळी निघालो. मी म्हटलं, तू घरी राहा, उन्हाचं कशाला येतेस. ती म्हणाली, "मी येतो. तुमी नीट सांगत नाही."

ते एका टिनाच्या शेडमधलं दुकान होतं. मिस्त्री सत्तरीचे, पांढरी दाढी, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी खाली उतरून गॅस, पंखा, कॉम्प्रेसर अशी सगळी जंत्री सुरू केली. त्यांनी हातानं मला थांबवलं आणि खिडकीजवळ जाऊन तिला विचारलं, "बेटा, तकलीफ काय हाय?"

तिनं वही उघडली. पाच मिनिटांचं सांगितलं, काट्याचं सांगितलं, बटनाचं सांगितलं. ते पुरतं ऐकत होते. मग म्हणाले, "थंडीत कधी हीटर लावला होता?"

"हो. डिसेंबरात सकाळी काचेवर धुकं धरलं होतं. तेव्हा बटन गरमावर केलं होतं."

"मंग ते तिथंच अटकलं."

त्यांनी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि मला बोलावलं. एसीच्या जाड नळीवर माझा हात ठेवला. ती बर्फासारखी होती, वरून थेंब ठिबकत होते. "पाहा. थंडी बनूनच राहिली." मग आत केबिनमध्ये जाणाऱ्या दोन रबरी नळ्या दाखवल्या. त्यांना हात लावताच मी मागं घेतला. "हे इंजिनचं उकळतं पानी. हे हीटरमधी जाते. आतमधी एक झाकन असते, ते या पान्याची गर्मी अडवते. तुमचं झाकन उघडंच राहिलं. एसी थंड करते, हीटर गरम करते. दोघं एकाच तोंडातून बाहेर." त्यांनी चिमट्यानं एक रबरी नळी आवळली. "बसा आत."

मी आत बसलो. दोन-तीन मिनिटांत हवा निवत गेली, आणि मग खरोखर थंड झाली. ती डोळे मिटून बसली होती, हवेपुढं चेहरा धरून.

झाकण नीट करायचं तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, म्हणाले. त्यापेक्षा हीटरला पाणीच जाऊ देत नाही, दोन्ही नळ्या बाहेरच्या बाहेर जोडतो. "वऱ्हाडात हीटर कोनाले पायजे?" अर्ध्या तासात काम झालं. निघताना त्यांनी मला विचारलं, "ताईनं हे पहिल्यांदा कधी सांगतलं होतं?"

"महिना झाला असेल," मी म्हणालो.

ते फडक्यानं हात पुसत राहिले.

बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. भर दुपार होती आणि गाडीत इतका गारवा होता की तिच्या हातावर काटा आला होता. मला वाटत होतं, ती आता म्हणेल, मी सांगितलं होतं ना. ती बाहेर नांगरलेल्या काळ्या रानांकडे पाहत होती. घरी आल्यावर मी दार उघडलं आणि वाट पाहिली. एवढ्या थंडाव्यात दोन तास बसून आल्यावर तिचे पाय चालायला हवे होते. तिनं मांडीला हात लावून पाहिला. मग मान हलवली.

आम्ही वाट पाहिली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवडाभर. डावा पाय थोडा आला, उजवा आलाच नाही. निकालाच्या दिवशी ती शाळेत गेली ती व्हीलचेअरवर, आणि शाळेला दोन पायऱ्या होत्या.

नागपूरच्या डॉक्टरांना गाडीचं सगळं सांगून मी स्पष्ट विचारलं. तो महिना उन्हात गेला नसता तर? ते म्हणाले, उन्हानं येणारा अशक्तपणा तात्पुरता असतो, हा आजाराचा पुढचा टप्पा आहे, तो कधीतरी येणारच होता. तुमच्या गाडीचा यात दोष नाही. मी गाडीच्या दोषाबद्दल विचारलंच नव्हतं. कधीतरी म्हणजे कधी, हे ते सांगू शकले नाहीत. एक वर्ष पुढं? सातवीची आणखी एक तुकडी? मला तेवढंही चाललं असतं.

जूनच्या अखेरीस शाळा उघडल्या, तोवर ती पलंगाला खिळली होती. जुलैत तिनं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करायचं ठरवलं. असे अर्ज मी दुकानात शेकड्यांनी टाइप केलेत, पण हा घरी लॅपटॉपवर केला. ती पलंगावरून सांगत होती, मी टाइप करत होतो. 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असं मी लिहिलं. ती म्हणाली, "तसं नको. 'उभं राहून शिकवता येत नसल्यामुळे' असं लिहा." मी म्हटलं, असं कोणी लिहीत नाही. मग थांबलो, आणि तिनं सांगितलं तसंच लिहिलं.

छापलेला कागद तिनं दोनदा वाचला आणि सही केली. सही थोडी वाकडी आली. तेव्हा मी एकदाचं विचारलं.

"तुला माझा राग येत नाही का? तू सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही."

तिनं पेनाचं टोपण लावलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "राग धरून काय करू? पलंगावरून उचलता तुमीच, संडासाले नेता तुमीच. मी कोनाच्या जोरावर राग धरू?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मला तो हवा होता. मी अर्ज पाकिटात घातला, तिचा उशीवरून घसरलेला हात नीट ठेवला आणि तिची कूस बदलायची वेळ झाली होती, म्हणून उठलो.