वकीलबाई आणि आप्पांचा बैल

"तू जवळ होतास का?"

काहीही सांगायला जा, वकीलबाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि हेच विचारायच्या. अमक्या वकिलाचं तमक्याशी वाजलं. नवे साहेब लई कडक आहेत. चहावाला दुधात पाणी घालतो. "तू जवळ होतास का?" नव्हतो म्हटलं की चष्मा परत नाकावर आणि विषय खलास. आता तुम्हीच सांगा, अशा बाईसमोर माणसानं गप्पा मारायच्या तरी कशा?

उदगीरच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. बाईंचं टेबल माझ्या दारात, लिंबाच्या सावलीत. ऊन सरकलं की बाई खुर्ची सरकवायच्या आणि माझ्या गिऱ्हाइकांची वाट अडवायच्या. मी कुरकुर करायचो. त्या म्हणायच्या, "तुझी गिऱ्हाइकं माझ्यामुळंच येतात, गप बस." तेही खरंच होतं म्हणा.

एके दिवशी माधव नावाचा पोरगा माझ्याकडे आला. देवणीकडचा, पिकअप चालवणारा. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस होती. गुन्हा कबूल असल्याचा अर्ज टाईप करून पाहिजे होता. "कबूल कर, दंड भर अन् मोकळा हो," असं त्याला सगळ्यांनी सांगितलेलं. आमच्याकडची रीतच ती. खेटे कोण घालणार? मी निम्मा अर्ज बडवलाही होता. पण पोरगा डोळे पुसत होता.

"रडतोस कशाला?" बाईंनी विचारलं.

"बाई, एसटीच्या ड्रायव्हरच्या यादीत नाव लागलंय माझं. शिक्षा झाली की नोकरी गेली. अन् मी पिलोच न्हाई."

बाईंनी माझ्या यंत्रातून कागद सर्रकन ओढून काढला. माझा कागद! मग त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "खरं सांग. पिला असशील तर दंड भर, आणि वर माझ्या दोन थपडा खाऊन जा. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला मी उभं करत नाही."

"आईची शपथ, बाई. दारू बैलाची होती."

मला हसू आवरेना. बाजूचे दोन वकीलही खो खो हसले. बाई मात्र चष्मा कपाळावर सरकवून बसल्या. "सांग."

झालं होतं ते असं. त्याच्या गावचे आप्पा, जुने शेतकरी, त्यांच्या देवणी बैलाचं पोट फुगलं. माधवनं बैल गाडीत घातला आणि उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्याकडे निघाला. वाटेत बैल तडफडायला लागला. मग आप्पांनी गाडी थांबवून गावठी उपाय केला. हिंग, गोडेतेल आणि देशी दारू बांबूच्या नळीत भरून बैलाच्या घशात ओतायची. आमच्याकडे जुनी माणसं करतात असं. माधवनं शिंगं धरली. बैलानं दिला हिसडा! निम्मं औषध माधवच्या अंगावर, आणि बैलाचा खूर त्याच्या पायावर. पुढं पोलिसांनी गाडी अडवली. तोंडानं फुंकायचं यंत्र त्या दिवशी बंद होतं, म्हणून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी लिहिलं, 'दारूचा वास येतो, चालताना झोक जातो.' आप्पा मागून ओरडून सांगत होते, पण ऐकतो कोण?

"कोर्ट हसेल, बाई," मी म्हटलं.

"तू जवळ होतास का? नाही ना? मग चल."

दुकान बंद करून मला देवणीला नेलं हो! आप्पा गळ्यातलं इष्टलिंग चाचपत म्हणाले, "बैल आता चांगला हाय, बाई. उगं कशाला पाजू?"

"दारू नको, पाणी पाजा. हिंग घाला तेवढा."

बाई काळ्या कोटासकट माधवच्या जागी उभ्या राहिल्या. मी लांब होतो, मला जीव प्यारा आहे. आप्पांनी नळी लावली मात्र, बैलानं मान झाडली आणि बाई नखशिखांत भिजल्या. केसांतून हिंगाचं पाणी गळतंय, आणि बाई लहान पोरीसारख्या हसतायत. "आता मी जवळ होते," त्या म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसेना.

केस उभी राहिली, साक्षीला तेच डॉक्टर आले. तरुण होते, घाबरलेले होते. मला वाटलं, बाई आता ह्यांना सोलून काढणार.

"डॉक्टर, वास तोंडाचा होता की शर्टाचा?"

"खोलीत वास होता."

"तुम्ही त्याच्या तोंडाजवळ गेला होतात का?"

"नाही. मी टेबलाच्या अलीकडे होतो."

"रक्त तपासायला घेतलं?"

"नाही. नळ्या संपल्या होत्या."

"चालायला लावलंत, तेव्हा त्याच्या पायातला बूट काढून पाहिलात?"

"नाही."

गाडी अडवली त्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेला माधवच्या पायाचा एक्सरे बाईंनी पुढं केला. अंगठ्याचं हाड मोडलेलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाहेर रांग केवढी असते, मला माहीत आहे, डॉक्टर. मी तुम्हाला दोष देत नाही. मला फक्त तुम्हाला काय माहीत आहे, तेवढंच सांगा."

डॉक्टरांनी माधवकडे पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. "हा दारू प्यायला होता, असं मी खात्रीनं सांगू शकत नाही," ते म्हणाले. मला त्या पोरगेल्या डॉक्टरचं फार कौतुक वाटलं.

मग आप्पांची साक्ष झाली. बैलाचं नाव निघाल्यावर कोर्ट हसलंच, न्यायाधीश साहेबसुद्धा हसले. पण माधव निर्दोष सुटला. बाहेर येऊन तो बाईंच्या पाया पडायला वाकला, तर बाई म्हणाल्या, "ऊठ, आधी तो पाय सांभाळ. ब्रेक त्याच पायानं दाबायचाय."

पुढं बाई लेकीकडे नांदेडला राहायला गेल्या. टेबल कुणी दुसऱ्यानं नेलं. आता माझ्या दाराची वाट मोकळी असते, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

परवा चहाच्या गाड्यावर एकजण म्हणाला, "वकीलबाईंनी अंथरूण धरलंय म्हणे. माणसं ओळखून न्हाई राहिल्या."

"तू जवळ होतास का?" मी त्याच्यावर खेकसलो.

"न्हाई बा. ऐकलं."

दुकानाला कुलूप घातलं आणि तडक स्टँडवर गेलो. नांदेड गाडी लागलेली होती. स्टेअरिंगवर माधव, खाकी कपड्यांत.

"बाई कशा आहेत रे?"

"गुडघा धरलाय, म्हून चालणं कमी झालंय. बाकी ठणठणीत. कालच्या ड्युटीला जाऊन आलो की! आधी जवळ बोलावून शर्टाचा वास घेतला, मग चहा दिला." तो हसला. "चला काका, बसा. तुम्हाला लई इचारून राहिल्या होत्या."

मी त्याच्या मागच्या सीटवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते धुळीच्या नावावर खपवलं. बाईंना सांगायला कोर्टातल्या ढीगभर बातम्या होत्या. गाडी मुखेडच्या रस्त्याला लागली, तसा मी एकेक आठवू लागलो, यातल्या कुठल्या वेळी मी जवळ होतो.