उलटी छापलेली बोट

फेब्रुवारी १९९९मध्ये, एका बुधवारी, दोहातल्या आमच्या इंग्रजी दैनिकाच्या कलेच्या पानावर एका अमेरिकन चित्रकाराचं चित्र उलटं छापलं गेलं. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. शेजारच्या लेखात त्या चित्राच्या तोलाला दोष दिलेला होता. लेख माझा होता.

चित्रकार एकोणिसाव्या शतकातला. किनारे, दलदलीतली कुरणं आणि बोटी रंगवणारा. चित्र मदिनत खलीफातल्या एका व्हिलात होतं. घरच्या बाई अमेरिकन, शाळेत शिकवणाऱ्या. चित्र त्यांच्या आजोबांकडून आलेलं. आठवडाभर आधी मी ते पाहून आलो होतो. वहीत नोंद होती: ओहोटी. डावीकडे काळे खडक. शिडांची बोट उजवीकडे, उघड्या उजेडाकडे निघालेली. आकाश दोन तृतीयांश. ओल्या वाळूवर ब्रशचा माग दिसत नाही. वारा नाही, तरी बोट जाते हे पटतं.

कलेबद्दल लिहायला मिळावं म्हणून मी दोन वर्षं मागे लागलो होतो. एरवी उपसंपादक म्हणून माझं काम इतरांच्या बातम्या कापण्याचं.

पान दुपारी चारला छपाईला सुटायचं. पानं लावणारा सहकारी नाशिकचा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपत होतं. नूतनीकरण झालं तरच बायको आणि तीन वर्षांच्या मुलीचा व्हिसा होणार होता. अर्ज तयार करून त्याने खणात ठेवला होता.

चित्र पानाच्या उजव्या कडेला बसलं होतं. आमच्याकडे नियम होता: माणसाचा चेहरा, गाडी, घोडा, काहीही असो, तोंड मजकुराकडे हवं.

"बोट पानाबाहेर चाललीय रे," मी म्हणालो.

"बहरीनला निघाली असेल, सर. वळवतो. यल्ला, चला."

मी माझ्या टेबलाशी परतलो. त्याने संगणकावर चित्र उलटं केलं. उंची जास्त होत होती म्हणून खालची पट्टी कापली. चित्रकाराची सही त्या पट्टीत होती.

चारला वीस मिनिटं बाकी असताना प्रूफ आलं. लेख तीन ओळींनी कमी पडत होता. खडक उजवीकडे दिसले. वहीत डावीकडे होते. छापायच्या आधी मजकूर चित्राशी ताडून पाहायचा, ही पंधरा वर्षांची सवय. वही घाईत लिहिलेली, चित्र समोर. त्याचं 'वळवतो' मला आठवलं नाही. मी मजकूर बदलला. उरलेल्या तीन ओळींत लिहिलं की नजर उजेडातून आत येते आणि खडकांवर येऊन अडते, इथे चित्रकाराचा तोल सुटला आहे. पान वेळेवर गेलं.

गुरुवारी सकाळी बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"तुम्ही माझी बोट उलट्या दिशेला पाठवलीत," त्या म्हणाल्या. "आणि बोल त्या बिचाऱ्या चित्रकाराला लावलात."

संपादकांची पद्धत ठरलेली होती. चूक झाली की ज्याची असेल त्याने लेखी खुलासा द्यायचा. खुलासा त्याच्या फाइलला लागायचा आणि कॉन्ट्रॅक्टच्या वेळी तीच फाइल उघडायची. खुलासा दुपारपर्यंत हवा होता. कोणाचा, ते संपादकांनी सांगितलं नव्हतं.

सहकारी कोरा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"सर, काय लिहू?"

"जे केलंस ते."

"तुम्हीच म्हणालात ना, बाहेर चाललीय म्हणून."

"बाहेर चाललीय म्हणालो. वळव म्हणालो नाही."

तो कागदाची घडी घालत उभा राहिला.

"तुम्ही सीनियर आहात," शेवटी म्हणाला. "सीनियर म्हणाला बाहेर चाललीय, तर मी काय समजायचं? बाय बाय करायचं तिला?"

त्याआधीच्या वर्षभरात मी असे चार खुलासे लिहून दिले होते, चारही दुसऱ्यांच्या चुकांसाठी, त्यांच्याच नावाने, कारण माझं इंग्रजी बरं होतं. पाचव्याला नवीन वाक्य सुचत नव्हतं. मी त्याच्या हातातून कागद घेतला.

"चहा पिऊन ये."

"आणि हे?"

"खलास. जा."

कागदावर चार वाक्यं लिहिली. चित्र वळवण्याची सूचना माझी होती. मूळ नोंद बरोबर होती. ती मी प्रूफवरून बदलली. तोलाबद्दलचं वाक्य मूळ चित्र पाहून लिहिलेलं नव्हतं. खाली सही केली. संपादकांनी कागद वाचला, मान वर न करता फाइल मागवली. माझी.

शनिवारी चित्र पुन्हा छापलं, सुलट, दोन कॉलमांत, सहीसकट. खाली दुरुस्ती होती: बुधवारच्या अंकात हे चित्र उलटं छापलं गेलं, रचनेबद्दलची टीका मागे घेत आहोत. मी तो अंक मदिनत खलीफाला नेऊन दिला. बाईंनी दारातच उघडला, बोट कुठे चाललीय ते पाहिलं आणि आभार मानले.

मार्चपासून कलेचं पान दुसऱ्या उपसंपादकाकडे गेलं. सहकाऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाने वाढलं. बायको आणि मुलगी एप्रिलमध्ये दोहाला आल्या.