अंबाडीला फूल येईपर्यंत

ताई, आईला घेऊन मी निघालो तेव्हा तू मुंबईच्या विमानतळाच्या दाराबाहेर उभी होतीस आणि आत जाताना आईनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. तू ते मनाला लावून घेतलंस. पाहिलं असतं तर ती आत आलीच नसती, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तसं बरंच काही सांगितलं नाही. फोनवर तू विचारायचीस, आई रमली का, आणि मी म्हणायचो, मजेत आहे. आज नीट सांगतो. आईवडिलांना उचलून इकडे आणून बसवलेले माझ्यासारखे आणखीही आहेत. त्यांनीही वाचलं तर बरं.

बाबा गेल्यावर औशाच्या घराला कुलूप लावून आईला इकडे योकोहामाला आणायचा हट्ट माझा. इथल्या मोठ्या भूकंपाला तेव्हा काही वर्षं उलटली होती, तरी तू घाबरलीस. आई मात्र म्हणाली की किल्लारीच्या वेळी आपण सगळे महिनाभर अंगणात झोपलो, भूकंपाचं मला नका सांगू. तिचा प्रश्न वेगळा होता. "तिथं मी दिवसभर करू काय रे?" मी तिकिटं काढली.

योकोहामातल्या आमच्या घराला मान्शन म्हणतात. आहेत तीन खोल्या, पाचव्या मजल्यावर. मी सकाळी तोयोसुच्या ऑफिसला, मेधा तिच्या लॅबमध्ये, लेक रेवा शाळेत. आईनं कचरा वेगळा करायला शिकून घेतलं, जळणारा, न जळणारा, प्लास्टिकचा. तेवढं झालं की ती खिडकीशी बसायची. जेवण कमी होत गेलं. हे मी तुला 'वयानुसार' म्हणून सांगितलं होतं.

मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला रेवानं शाळेतून रोपं आणली. इथं मुलांना त्या झाडाच्या सालीपासून कागद करायला शिकवतात. आईनं एक पान तोडलं, चावलं, आणि तिचा चेहराच बदलला.

"अगं, ही तर अंबाडी!"

"आजी, केनाफ दायो," रेवा म्हणाली, म्हणजे हे केनाफ आहे.

"तुझं केनाफ असेल. माझी अंबाडी हाय."

बाल्कनीत आईचं शेत सुरू झालं. लांबट कुंडीत तिनं रोपं दाट लावली, ती भाजीला. शेंडे खुडत राहायची; म्हणायची, खुडलं की फुटवा येतो, पाला मिळतो, फूल मात्र मागं पडतं. एक रोप तिनं मोठ्या कुंडीत एकटं लावलं आणि त्याला नखही लावू दिलं नाही. ते बियाला. दाटीतली टीचभर राहिली, एकटी मात्र कठड्याच्या वर गेली. महिन्याभरात आम्ही अंबाडीची भाजी आणि भाकरी खाल्ली. आई दोन भाकरी जेवली, ताई.

अंबाडीचं पान रोप लहान असताना अखंड असतं. झाड वाढलं की त्याला पाच-सात बोटं फुटतात आणि मग ते हुबेहूब गांजाच्या पानासारखं दिसतं. इमारतीचे व्यवस्थापक ओकुदा-सान लिफ्टजवळ माझ्यासाठी थांबले. हळू आवाजात, दोनदा माफी मागून म्हणाले, रस्त्यावरून कुणीतरी विचारलं, वरचं ते झाड ताइमा तर नाही ना? ताइमा म्हणजे गांजा, आणि या देशात त्या शब्दाला किती भितात ते इथं राहणाऱ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, केनाफ आहे. ते म्हणाले, असेलच, फूल आलं की कळेलच सगळ्यांना. ते हसले ते चांगुलपणानं. मला तो संशय वाटला. आमचे कायम वास्तव्याचे कागद तेव्हा सरकारदरबारी पडलेले होते. एवढ्या वर्षांची नोकरी, रेवाची शाळा, सगळं त्या एका झाडावर लटकलंय असं मला वाटायला लागलं.

पुढच्या आठवड्यात वादळ आलं. दुपारी ते ओसरलं आणि आई आंघोळीला गेली. मी बाल्कनीत गेलो आणि मोठी अंबाडी बुंध्यापासून कापली. आई बाहेर आल्यावर म्हणालो, वाऱ्यानं मोडली.

तिनं बुंध्यावरून बोट फिरवलं.

"वारा एवढा सरळ मोडत नाही रे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "माझं तिकीट काढ."

तू त्या आठवड्यात फोन केला होतास. मी म्हणालो, आई मजेत आहे.

तिकीट मी काढलं नाही. तिच्यासमोर बसून ओकुदा-सान, कागद, माझी भीती सगळं सांगितलं. मग मी म्हटलं, दाटीतल्या रोपांना फूल येईपर्यंत थांब. ते घेऊन मी स्वतः खाली ओकुदा-सानकडे जातो. मग तू म्हणशील तसं.

एवढ्याशा झाडांना येईल का, हेही मी विचारलं.

"त्याला लहान-मोठं नसतं. रात्र मोठी झाली की येतं. लहानीला एक-दोन, मोठीला पदरभर. पण हितं रात्र कुठाय?"

खरंच नव्हती. पार्किंगचा दिवा पहाटेपर्यंत बाल्कनीवर जळायचा. मी सामानाचं मोठं खोकं आणलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून लवकर निघून रोपं झाकायची, सकाळी उघडायची. मीटिंग चालू असताना सरळ उठायला लागलो. तोपर्यंत कशासाठीच उठलो नव्हतो. आईनं रोपं खुडणं थांबवलं. भाजी बंद झाली, पण तिकिटाचं ती बोलली नाही.

एका सकाळी खोकं उचललं तर फूल. फिकट पिवळं, आत गर्द लाल. दुपारी मिटतं म्हणून मी लगेच खाली निघालो, तर आई चपला घालून दारात. मी नको म्हटलं नाही.

ओकुदा-साननी फूल पाहिलं. "ओकुरा?" ते म्हणाले, म्हणजे भेंडी.

"भेंडीची बहीण," आईनं मराठीतच सांगितलं.

मी त्यांना सांगितलं की मोठं झाड मीच कापलं, घाबरून. ते आईकडे वळून कमरेत वाकले. आईनं हात जोडले.

छोट्या झाडांनी मूठभर बी दिलं. यंदा मोठ्या कुंडीत एक झाड आहे, बोटं फुटलेल्या पानांचं, कठड्याच्या बरंच वर. परवा रस्त्यावरचा एक माणूस थांबून वर बघत होता. मी पूर्वीसारखा आत सरकलो नाही. कठड्याशी उभा राहिलो आणि त्याला वाकून नमस्कार केला. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आता मी एवढंच सांगेन. आई पुढच्या महिन्यात औशाला येते आहे, ताई, परतीचं तिकीट तिनंच काढायला लावलंय. कशी आहे ते तिलाच विचार. मला विचारू नकोस.