अण्णांची पहिलीची इंग्रजी

पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली त्या वर्षी मी दहावीत होते आणि माझे वडील पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. त्यामुळे आमच्या घरात इंग्रजीचा धसका लेकरांनी नव्हे, बापानं घेतला.

अण्णा जिल्हा परिषदेचे गुरुजी. आमचं घर साखऱ्याला आणि त्यांची शाळा सायकलीनं पाऊण तासावरच्या एका बंजारा तांड्यावर. दोन खोल्या, दोन गुरुजी. पाढे, बाराखडी, गाणी यांत अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण मॅट्रिकला इंग्रजीनं त्यांना दोनदा घरी बसवलं होतं. तिसऱ्यांदा कसेबसे सुटले आणि त्यानंतर त्या विषयाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना सेनगावला त्यांचं प्रशिक्षण झालं आणि ते एक पातळसं पुस्तक आणि उतरलेला चेहरा घेऊन घरी आले.

कॅट, मँगो, बॉल यांची त्यांना भीती नव्हती. चित्र दाखवलं की काम भागायचं. त्यांना रडवलं ते बारक्या शब्दांनी. इन, ऑन, ॲट, बाय, विथ. यांचं चित्र कुठून आणणार? रोज संध्याकाळी ते गोठ्यात गाईसमोर उभे राहून पाठ करायचे आणि अडले की माझ्याकडे यायचे.

“पोरी, टेबलावर पुस्तक हाय तर ऑन. बराबर?”

“व्हय.”

“मंग सोमवारी शाळा हाय, तर बी ऑनच. काहून? सोमवारावर कोण बसलंय?”

पहिले काही दिवस मी नीट सांगितलं. पण माझा स्वभाव आधीपासून तापट, त्यात घटक चाचणीत इंग्रजीला वर्गात पहिली आलेली. डोक्यात वारं शिरलं होतं. एकदा दोघी मैत्रिणी अभ्यासाला आल्या होत्या आणि अण्णा पुस्तकात बोट घालून ओसरीवर आले. “बसमंदी बसलो तर ऑन द बस, अन् मोटारीत बसलो तर इन द कार. असं कसं गं? बसच्या टपावर बसायचं का?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. मैत्रिणी फिसकन हसल्या. मला लाज वाटली आणि मी म्हटलं, “अण्णा, पाचवीतल्या लेकराला बी येतं हे. किती येळा सांगू?”

अण्णा हसले. “व्हय, व्हय. करा तुमी अभ्यास,” म्हणाले आणि परत गेले. त्या दिवसानंतर त्यांनी मला एकही शब्द विचारला नाही. गोठ्यातलं पाठांतरही थांबलं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं.

आठवड्यानं आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, “तुझ्या अण्णानं नोकरी सोडायचा अर्ज लिहिला हाय. खिशातच घेऊन हिंडून राहिले. शनिवारी शाळा सुटली की मोठ्या सायबाला देणार म्हन्ते.”

“काहून?”

“मला काहून इचारते? म्हन्ले, लेकरांपुढं चुकीचं बोलण्यापरीस घरी बसलेलं बरं.”

अण्णांना शाळेशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि नको होतं. सुट्टीतही ते तांड्यावर चक्कर मारून यायचे. त्या माणसाला मी दोन मैत्रिणींपुढे पाचवीतल्या लेकराखाली बसवलं होतं. माफी मागायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी दुसराच उपाय काढला. शनिवारी आमच्या हायस्कूलला सुट्टी होती. पहाटे मी म्हटलं, “अण्णा, मी येते तुमच्या शाळेत. पहिलीला इंग्रजी मी शिकवते. तुमी फकस्त बघा.” मला वाटत होतं, एकदा नीट कसं शिकवायचं ते दाखवलं की त्यांचा धीर परत येईल. बघा माझा तोरा!

ते एवढंच म्हणाले, “बस सायकलीवर.”

वर्गात पंधरा-सोळा लेकरं होती. मी फळ्यावर खोकं काढलं, खोक्यात चेंडू, खोक्यावर चेंडू, खोक्याखाली चेंडू. ठसक्यात म्हटलं, “द बॉल इज इन द बॉक्स.” लेकरं माझ्याकडे टकाटका पाहत राहिली. मी मराठीत समजावलं. तरी तेच. ही लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी, त्यांना माझी मराठीच अजून नवी होती आणि मी तिच्या आधारानं इंग्रजी शिकवायला निघाले होते. एका मुलीनं फळ्यावरच्या चेंडूला पेरू म्हटलं. मी चिडले, आवाज चढवला. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि ती मुलगी रडायला लागली.

अण्णा मागं भिंतीला टेकून उभे होते. ते पुढं आले, त्या मुलीला कडेवर घेतलं आणि तिच्याशी गोरमाटीत काहीतरी बोलले. ती रडता रडता हसली. मला ते रागावले नाहीत. मी खडू खाली ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

तांड्याचे प्रमुख, म्हातारे नाईक, सकाळचं ऊन खायला शाळेच्या ओट्यावर येऊन बसायचे. आतला गलका ऐकून त्यांनी दारातून विचारलं, “काय चालून राहिलं, गुरुजी?”

“काय न्हाई, नाईक. पुढं, मागं, वर, मधी. याला इंग्रजीत काय म्हन्ते ते शिकवायचं हाय. खोकं काढलं तर लेकरांना कळून न्हाई राहिलं.”

“खोकं कशाला? लदेणी लावा ना.”

बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचं, ही त्यांच्या पूर्वजांची लदेणी. नाईकांनी ती पाहिली नव्हती, आज्याकडून ऐकली होती. पण कोण कुठं चालायचं ते त्यांना चोख पाठ होतं. काठी टेकत ते अंगणात उतरले आणि लेकरांची रांग लावायला लागले. रडलेल्या मुलीला त्यांनी सगळ्यांत पुढं उभं केलं. तो म्होरक्या बैल. तिच्यासाठी घरातून घुंगरमाळ मागवली. एकाच्या पाठीवर दप्तर ठेवलं, ती गोणी. दोन बैलांच्या मधे बाया आणि लेकरं. सगळ्यात मागं कुत्रं. कुत्रं व्हायला तिघं भांडत होते.

अण्णा रांगेच्या बाजूनं चालू लागले. आधी गोरमाटीत विचारलं, मग इंग्रजीत. “हू इज इन फ्रंट?” घुंगरं वाजली. “द बॅग इज ऑन द बुल. द डॉग इज बिहाइंड द बुल.” लेकरं ओरडायला लागली, ऑन, बिहाइंड, बिट्वीन, आणि ज्याचं नाव येईल तो आपल्या जागी उडी मारायचा. अण्णा एकदा चुकले, ‘बिट्वीन’च्या जागी ‘बिहाइंड’ म्हणाले. लेकरांनी लगेच कल्ला केला. अण्णांनी कान पकडले आणि पुन्हा म्हटलं. कुणाचं काही बिघडलं नाही. तीन आठवडे ज्या चुकीच्या भीतीनं त्यांची झोप उडाली होती, ती चूक झाली आणि त्यावर सगळं अंगण हसलं, सगळ्यात जास्त अण्णाच हसले. मी अंगणाच्या कोपऱ्यात उभं राहून रडले. आनंदानं की लाजेनं, ते सांगता येत नाही, दोन्ही होतं.

शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. पुढं रस्त्याला फाटा फुटतो, एक वाट मोठ्या साहेबांच्या गावाला आणि एक साखऱ्याला. अण्णांनी तिथं सायकल थांबवली. मी खाली उतरले. मी म्हटलं, “अण्णा, त्या दिवशी मी लई वाईट बोलले.”

“बोललीस,” ते म्हणाले. “मी पण इचार करून राहिलो. झाडावर, येळेवर, जिवावर, तुझ्यावर राग. आपला ‘वर’ बी कुठं कुठं बसतो बघ. तिथं आपण कुठं घाबरलो? इंग्रजांचं लेकरू बी एकदमच शिकलं नसंल.”

वर एक घार फिरत होती. अण्णांनी तिच्याकडे बोट केलं.

“माय, ही घार आपल्या डोक्यावर हाय. हिला ‘ओव्हर’ म्हणायचं का ‘अबव्ह’?”

त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं. मी पुष्कळ आठवून पाहिलं. काहीतरी ठोकून देता आलं असतं, पूर्वी दिलंच असतं.

“मला न्हाई माहीत, अण्णा.”

“मंग चल. घरी डिक्शनरी हाय. दोघं बघू.”

सायकल साखऱ्याच्या वाटेला लागली. घरी येऊन मी डिक्शनरी उघडली, अर्थ वाचून दाखवले, ते अर्धेच कळले. अण्णा म्हणाले, थांब, लिहून घेतो, नाहीतर इसरंल. जवळ कागद नव्हता. त्यांनी खिशातून एक घडी काढली, उलगडली आणि पालथी घालून तिच्यावर लिहायला लागले. पातळ कागद होता, पलीकडची अक्षरं मला उलटी दिसत होती, ‘विनंती अर्ज’ आणि खाली अण्णांची सही. तारखेची जागा कोरी होती.

पुढची चार वर्षं त्या कागदाच्या मागं नवे शब्द चढत गेले. जागा संपली तेव्हा त्यांनी आणखी एक पान टाचून जोडलं.