सहा मिलिमीटर स्टील

बढतीसाठीच्या विभागीय परीक्षेच्या दुसऱ्या पेपराला मी दीड तासात उठले. उत्तरं येत होती, पण अक्षरं दिसत नव्हती. तोंड कोरडं पडलं होतं आणि बाटलीतलं पाणी संपलं होतं. पर्यवेक्षकांना विचारून बाहेर गेले आणि बेसिनपाशी बोट टोचून साखर तपासली. चारशे बारा. सकाळी निघताना एकशे तीस होती.

कमरेला लावलेला इन्सुलिनचा पंप शांत होता. त्याच्या पडद्यावर सगळं ठीक चाललं असल्याचं दिसत होतं. मी कुडता वर करून पोटावरची गोल चिकटपट्टी उपटली. खाली ओलं होतं आणि इन्सुलिनचा तो ओळखीचा औषधी वास आला. त्वचेत घुसायला हवी ती मऊ, नखाएवढी नळी मधोमध मुडपली होती. सकाळी सेट बदलल्यापासून पंप इमानदारीत इन्सुलिन सोडत होता आणि ते सगळं पट्टीखाली जिरत होतं.

पर्समधलं इन्सुलिनचं पेन काढून मी इंजेक्शन घेतलं, पाणी प्यायले आणि वर्गात जाऊन उत्तरपत्रिका परत दिली. पर्यवेक्षक म्हणाले, "अजून दीड तास आहे, मॅडम." मी सही करून निघाले.

तेराव्या वर्षापासून मला मधुमेह आहे. माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. पहिली सत्तावीस वर्षं सुईनं घेतलं, त्यातली पहिली सात आईच्या हातानं. आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं पंप घेतला. मोबाइलपेक्षा लहान यंत्र, त्यातून निघणारी बारीक नळी आणि नळीच्या टोकाला त्वचेत बसणारा भाग. या नळीला आणि टोकाला मिळून इन्फ्युजन सेट म्हणतात. तो दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. पंप काही लाखांचा, पण सगळा खेळ त्या टोकाचा, हे मला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दोन वर्षांत साखर अधूनमधून अशीच उसळायची. ओळखीचे, ऑफिसातले, एकदा तर एक डॉक्टरसुद्धा म्हणाले होते, "काहीतरी खाल्लं असेल." इतक्यांदा ऐकलं की मलाही तेच वाटायला लागलं. खाल्लं नसलं तरी आठवायचा प्रयत्न करायचे, कुठे चुकले असेन.

विश्रांतवाडीला घरी पोचले तर आई दारातच होती. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो.

"पेपर?"

"सोडला."

ती हळहळली नाही. "काय झालं?" म्हणाली. मी सांगितलं. नर्सचा चेहरा झाला तिचा.

"ती नळी फेकली का?"

"पर्समध्ये आहे."

"मले दाखव." आई चाळीस वर्षं पुण्यात आहे, पण मनातून हलली की वर्ध्याची बोली परत येते. तिनं ताटलीत पांढरा कागद ठेवला, त्यावर ती नळी ठेवली आणि भिंग घेऊन बघत बसली. मग म्हणाली, "काऊन वं, अशा किती वाकल्या आजवर?"

मला माहीत नव्हतं. सेट काढला की मी बघायचेच नाही, सरळ कचऱ्यात टाकायचे.

"वॉर्डात असतीस तर मेट्रननं उभं केलं असतं तुला," आई म्हणाली. "उद्यापासून एकही फेकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं एक वही आणली. प्रत्येक सेट कुठे लावला, किती वाजता लावला, पुढच्या तीन तासांत साखर किती झाली, काढल्यावर नळी कशी निघाली, हे सगळं लिहायचं. काढलेली नळी सेलोटेपनं त्याच पानावर चिकटवायची. मी कुरकुरले. पण सरकारी नोकरीतली बाई, नोंदी ठेवायची सवय हाडात होतीच. सहा आठवड्यांत चौदा नळ्या चिकटल्या. त्यातल्या पाच वाकलेल्या होत्या. आणि त्या पाचही दिवशी साखर चढलेली होती. जेवण काय होतं तेही लिहिलं होतं: पोळी-भाजी, पोळी-भाजी, वरण-भात, पोळी-भाजी, उपमा.

मी ती पानं पुन्हा पुन्हा उलटली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि रागाच्या मागून एक मोठा हलकेपणा. माझं पथ्य चुकत नव्हतं. नळी वाकत होती.

आईचं मात्र अजून संपलं नव्हतं. एका रविवारी विहारातून आली, हात धुतले आणि म्हणाली, "झोप. पोट बघू दे." बोटांच्या टोकांनी ती माझं पोट चाचपू लागली. बेंबीच्या डावीकडे थांबली. माझा हात धरून तिथे ठेवला. त्वचेखाली भिजवलेल्या हरभऱ्याएवढ्या गाठी लागत होत्या. इतक्या वर्षांत मला कधी जाणवल्या नव्हत्या.

"इथे मीच टोचायचे," ती म्हणाली. "तू म्हणायचीस इथे दुखत नाही, म्हणून पुन्हा तिथेच. एकाच जागी टोचून असं होतं, हे दुसऱ्यांच्या पोरांना मी सांगत होते."

"मला दुखू नये म्हणूनच ना?"

"म्हणूनच. तरी चूक ती चूक."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली तेव्हा वहीत माझ्या पोटाचं चित्र काढून तयार होतं. गाठींच्या जागी फुल्या होत्या आणि खाली तिच्या ठसठशीत अक्षरात: "इथे बंदी."

डॉक्टरांचा दवाखाना सदाशिव पेठेत आहे. आम्ही वही घेऊन गेलो. डॉक्टर माझ्याहून लहान आहेत, भरभर बोलतात. त्या दिवशी मात्र आधी त्यांनी एकेक पान वाचलं.

"नळ्या चिकटवून मला कुणीच आणून दाखवल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. मग कागदावर आकृती काढून समजावलं. माझ्या अंगावर चरबी कमी. मला दिलेली सरळ मऊ नळी नऊ मिलिमीटरची. ती स्नायूपर्यंत पोचते, मी खाली वाकले की मुडपते. गाठींच्या जागी तर ती आत शिरतानाच अडते. पर्याय दोन. एक, तिरका बसणारा मऊ सेट. दुसरा, ज्यात नळीच नाही, एक बारीक स्टीलची सुईच आत राहते, सहा मिलिमीटरची. ती दर दोन दिवसांनी न चुकता बदलायची.

"पंप घेतला तेव्हा हे कुणी विचारलंच नाही," मी म्हटलं.

"तेव्हा तोच एक सेट सहज मिळत होता. पण मी विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला किती वर्षं लागली मला!

दवाखान्यापासून चार पावलांवर दुकान होतं. काउंटरवर पाटी: "उघडलेले पाकीट परत घेतले जाणार नाही. का उघडले, तेही सांगू नये." मालक वयस्कर, चष्मा कपाळावर. पंप बघून म्हणाले, "तिरका आहे. स्टीलचा मागवावा लागेल. पेटी दहाची."

"दोनच मिळतील का? करून बघायला."

"अहो ताई, हे काय आंबे आहेत, एक कापून दाखवायला?"

आई पुटपुटली, "आंब्यानं जीव जात नाही." त्यांनी ऐकलं आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. तिरक्याची पेटी घेऊन आम्ही निघालो आणि स्टीलसाठी फोन नंबर देऊन ठेवला.

तिरका सेट डावीकडे चांगला बसायचा. उजवीकडे माझा हात त्या कोनात वळायचा नाही. एक तर इतका वरवर लागला की ओढणीत अडकून निघालाच. दहातले तीन फसले. आधीपेक्षा बरं होतं, पण परीक्षेच्या दिवशी अंगावर घालावं इतकं नव्हे.

स्टीलची मला भीती वाटत होती. सुई अंगात ठेवून दोन दिवस स्कूटर चालवायची, कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या फायली काढायच्या, झोपायचं? आई म्हणाली, "मी हजारो सुया टोचल्या. चमचा वाकेल, सुई वाकत नाही." तेवढ्यात दुकानदारांचा फोन आला. गेले, तर काउंटरवर पेटी फोडलेली.

"मीच फोडली," ते म्हणाले. "दोन घेऊन जा. चालले तर उरलेले आठ तुमचे. नाही चालले तर सांगायला येऊ नका, मला वाईट वाटतं."

मी हसले आणि आभार मानले. "पुढे," ते मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाले.

सेट नेहमी सकाळीच बदलायचा, म्हणजे काही बिनसलं तर दिवसाउजेडी कळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रविवारी सकाळी नाश्त्याआधी आईनं माझ्या कमरेच्या मागची बाजू चाचपून जागा ठरवली. "इथे मी कधी टोचलं नाही." सुई केसासारखी होती. टोचताना चावली, मग विसरले. नऊ वाजता साखर एकशे अठ्ठेचाळीस. बारा वाजता एकशे एकवीस. जेवल्यावर दोन तासांनी एकशे साठ. मी मुद्दाम फरशी पुसली, वाकून-वाकून. स्कूटरवरून आळंदी रोडला चक्कर मारून आले. सोमवारी ऑफिसातल्या सगळ्यात खालच्या फायली काढल्या. मंगळवारी सेट काढला, भिंगाखाली धरला. सुई सरळ.

उलट नवाच प्रश्न आला. ताज्या जागेत इन्सुलिन पूर्ण पोचत होतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात साखर दोनदा एकदम साठच्या खाली गेली. घाम फुटला, साखरेचं पाणी प्यावं लागलं. डॉक्टरांनी पंपातलं प्रमाण कमी करून दिलं. इतकी वर्षं वाया जाणाऱ्या इन्सुलिनची भरपाई म्हणून मी जास्त घेत आले होते, ते तेव्हा कळलं. एकदा आळस करून सेट तिसऱ्या दिवशीही ठेवला, तर मांडीवर जागा लाल होऊन दुखायला लागली. त्यानंतर दोन दिवस म्हणजे दोन दिवस.

दहा सेट झाले. वीस झाले. वहीत सेलोटेपखाली सरळ सुयांची रांग लागली. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाला केक आला. मी एक तुकडा घेतला, अंदाज बांधला, पंपाचं बटण दाबलं. दोन तासांनी साखर जिथे यायला हवी तिथे आली. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला चालतं का?" मी म्हटलं, "चालतं." आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द मी न अडखळता उच्चारला.

पुढच्या वर्षी परीक्षेचं केंद्र कोथरूडला आलं. सेट आदल्या दिवशी सकाळीच बदलून, तपासून ठेवला होता. दारावर पर्यवेक्षकांनी अडवलं.

"कमरेला काय आहे?"

"इन्सुलिनचा पंप. हे डॉक्टरांचं पत्र, ही केंद्राची परवानगी."

"वाजतो का?"

"काही बिघडलं तर वाजतो."

"उत्तर बिघडलं तर?"

"नाही."

"मग काय उपयोग," म्हणत त्यांनी सही करून आत सोडलं.

दुसरा पेपर तोच होता, लेखापरीक्षणाचे नियम, गेल्या वेळी सोडलेला. एका तासानं बोट टोचलं: एकशे अडतीस. दोन तासांनी: एकशे एक्कावन्न. अक्षरं स्पष्ट होती. शेवटच्या प्रश्नाचे तीनही उपप्रश्न लिहिले, पुरवणी बांधली, वर वेळ उरला म्हणून पहिल्या पानावरची एक चूक सुधारली. घंटा झाली तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि तशीच बसून राहिले. हॉलमध्ये सगळे दमलेले, मी एकटीच कारण नसताना हसत होते.

फाटकाबाहेर आई उभी. दोन बस बदलून आली होती, सांगितलंही नव्हतं.

"किती?" तिनं विचारलं. तिला आधी साखर हवी होती.

"एकशे सव्वीस," मी म्हटलं. बाहेर येताना तपासली होती.

"अन् पेपर?"

"पूर्ण लिहिला."

तिनं माझा दंड धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, हे ती तेवढ्यापुरतं विसरली होती.

निकाल लागला तेव्हा साहेबांनी यादी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवली. महिन्याभरात बढतीचा आदेश आला. त्या रविवारी आईनं वडाभात केला: डाळीचे वडे भातावर कुस्करायचे आणि वर हिंग-मोहरीची कढत फोडणी. लहानपणी हा पदार्थ घरात शिजला की मला वाटीभरच मिळायचा, आणि तोही आईची नजर ताटावर असताना. विहारातल्या तिच्या चार मैत्रिणी जेवायला होत्या. आई त्यांना बढतीबद्दल एक वाक्य आणि सुईबद्दल वीस मिनिटं सांगत होती. मी पंपावर आकडा घातला, बटण दाबलं आणि ताट पुढे केलं.

"अजून?" आईनं विचारलं.

"अजून," मी म्हटलं. तिनं फोडणीची पळी भातावर उपडी केली.