हलवलेला लिंब

झाडाचं वय मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालत नाही. पस्तीस वर्षं झाडंच बघितली. आधी नोकरीत, आणि निवृत्त झाल्यावर लोक बोलावतील तिथं जाऊन. कुणाच्या घरावर वाकलेली चिंच धोक्याची आहे का, कुणाच्या प्लॉटिंगमधलं कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे बघून मी अहवाल लिहून देतो. टेप, लाकडी हातोडी आणि एक लोखंडी सळई, एवढंच माझं सामान. खोडावर हातोडी मारली की आत भरीव आहे का पोकळ, ते मला कानानं कळतं. त्यामुळं डोक्यात जरा हवाही गेली होती, खोटं कशाला बोलू!

परभणीहून पेडगावकडं जाताना रस्त्याला लागून एक शेत विकलं गेलं आणि घेणाऱ्यानं तिथं प्लॉट पाडायला काढले. माणूस बरा, पण भलताच घाईचा. शेतात अकरा झाडं होती. दहा कडेला होती, त्यांची काही अडचण नव्हती. अकरावा लिंब मात्र मधल्या बांधावर, नेमका नकाशातल्या मोठ्या रस्त्यात आलेला. मी त्याचा छातीएवढ्या उंचीवर घेर मोजला आणि वहीत लिहिलं, वय तेरा वर्षं.

"नऊ वर्साचा हाय, सायेब. पोळ्याला नऊ पुरी झाली."

मागं वळून बघितलं तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई. तिचा नवरा जुन्या मालकाच्या शेतात मजुरी करायचा आणि त्या बांधाजवळच त्यांचं खोपट होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी माझा पाराच चढला. कारण असं की, झाड काढलं तर त्याचं वय जेवढं, तेवढी नवी रोपं लावावी लागतात. वय कमी लागलं की रोपं कमी. मला वाटलं, प्लॉटवाल्यानंच हिला पढवून पाठवलंय.

"कुणी शिकवलं गं तुला हे?" मी ओरडलोच. "बांधावरचा लिंब नऊ वर्षांत एवढा होत नसतो! मला शिकवायलीस का?"

"पानी घातलंय की मी त्याला. रोज एक घागर. आमी ऊस तोडाया कारखान्याला गेलो की शेजारनीला सांगून जायाची."

"अगं, लिंबाला रोज पाणी कोण घालतं?"

तिनं भारा खाली उतरवला. इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "खाली लेक हाय माझी."

दात न आलेलं लेकरू गेलं तर आपल्याकडं जाळत नाहीत, पुरतात. तिची लेक सात महिन्यांची होती, तापात गेली. स्वतःची वीतभर जमीन नाही, म्हणून मालकाच्या बांधावर पुरली, आणि वर हा लिंब लावला. तेरा का नऊ, यावर मी तिच्याशी भांडत होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की वर बघवेना. तिच्यासमोरच मी वहीतलं तेरा खोडून नऊ केलं.

"कुनाला सांगू नगा सायेब. कळलं तर इथं पलाट घ्यायचं न्हाई कुनी, मंग नवा मालक लय बोलंल. फकस्त लिंब हाय तितं ऱ्हाऊ द्या."

मी तिला शब्द दिला. अगदी छातीवर हात ठेवून दिला.

आणि मी झटलो, हे मी कुणापुढंही सांगेन. रस्ता थोडा वळवा म्हणून त्या प्लॉटवाल्याच्या मागं लागलो. तो म्हणाला, "साहेब, नकाशा मंजूर झालाय. एका लिंबासाठी परत सगळे कागद फिरवू का?" खरं कारण सांगायची सोय नव्हती. शेवटी मला एक युक्ती सुचली. बागेसाठी कोपऱ्यात जागा सोडलेली होती. लिंब मुळासकट उचलून तिथं नेऊन लावायचा! प्लॉटवाल्यालाही ते पटलं, कारण बागेत आयतं मोठं झाड उभं दिसणार. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

तोवर दिवाळी होऊन ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली होती. तिला फोन करून विचारावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. विचारायचं काय त्यात? झाड तर वाचतंय ना!

महिनाभर आधी एका बाजूनं मुळं छाटून घेतली, मग दुसऱ्या बाजूनं. फांद्या उतरवल्या. खणायच्या दिवशी तिची लेक माझ्या डोक्यात नव्हती असं नाही. सकाळी एकटाच जाऊन बांधावर हात जोडून उभा राहिलो. एवढ्याशा जिवाचं नऊ वर्षांत काय उरणार, मातीच झाली असेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि मशीनवाल्याला हात केला. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधला, क्रेननं उचलला, कोपऱ्यात नेला. पुढं दोन महिने मी दिवसाआड चक्कर मारून पाणी बघत होतो. घरचे म्हणायचे, एवढं नातवाचं तरी केलंत का कधी? गुढीपाडव्याच्या सुमाराला लिंबाला तांबूस पालवी फुटली, तेव्हा माझे डोळे भरून आले.

ती परत आल्याचं कळलं, तसा मी स्वतः तिला घेऊन गेलो. शेताचं शेतपण राहिलं नव्हतं. बांध मोडून सगळं सपाट केलेलं, मुरूम टाकून रोलर फिरवलेला, जागोजागी आखणीचे दगड. ती गोंधळून बघत होती. मी तिला थेट कोपऱ्यात नेलं.

"बघ माय, जगला तुझा लिंब!"

तिनं खोडाला हात लावला. वर पालवीकडं बघितलं. मी आपला सांगतच सुटलो: मुळं कशी छाटली, गोणपाट कसं बांधलं, पाणी कसं घातलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"लय केलं सायेब तुमी," ती म्हणाली. "आन् लेक?"

मी मागं रस्त्याकडं वळून बघितलं.

"झाड तर मी खूण म्हनून लावलं हुतं," ती म्हणाली. रागानं नाही, मला समजत नाही म्हणून समजावून सांगितल्यासारखं. "ती कुटं हाय ते कळावं म्हनून."

जन्मभर झाडं बघितली आणि त्या दिवशीही झाडच बघितलं. 'हाय तितं ऱ्हाऊ द्या', असं ती मला स्वच्छ बोलली होती.

"निदान जागा तरी दावा," ती म्हणाली.

मला ती जागा सापडेना. या कडेपासून किती पावलं, शेतातल्या जुन्या विहिरीपासून किती, काही काही मी लिहून ठेवलं नव्हतं. वहीत झाडाचा घेर होता, उंची होती, मुळांचा पसारा होता. बांध नाही, खोपट नाही, विहीर बुजवलेली. मी रस्त्यावर इकडून तिकडं दोनदा चाललो. ती माझ्या मागं मागं, अनवाणी, मी थांबलो की थांबत होती. तिचं तोंड मला बघवेना. शेवटी मी एका जागी उभा राहिलो आणि बोट दाखवलं.

"इथं."

"नक्की का, सायेब?"

"नक्की."

ती तिथं खाली बसली. मुरमावर हात फिरवला, मग पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडली. मी बाजूला जाऊन उभा राहिलो.

त्या रस्त्यावर आता डांबर झालंय. ती अजूनही येते, आणि मी बोट दाखवलं होतं तिथंच बसते.